चार आणे

परळच्या प्रयोगशाळेत माझं काम मोजण्याचं.
मिठाच्या पाण्यात लेंडी कुस्करायची,
गाळायची चहाच्या गाळणीतून
(हो, चहाच्याच, भोईवाड्यात वीस रुपयांना मिळते ती)
आणि थांबायचं पाच मिनिटं.
घाण तळाला जाते, अंडी वर येतात.
एवढं एक शास्त्र मला पुरतं पटलंय.

दर मंगळवारी देवनारला गफूर
माझ्यासाठी चौथी पोटं बाजूला काढतो,
झाकणाच्या बादलीत.
"मॅडम, तुमचा डबा."
चिरलं की आत जंतांचा गुंता:
लाल-पांढरा पीळ, राखीच्या दोऱ्याहून बारीक.
लाल आहे ते मेंढीचं,
पांढरं तेवढं जंतिणीचं स्वतःचं.
हजारभर झाले की पापणीतला रंग उडतो,
जबड्याखाली पाणी लोंबतं.

साहेब पोरांना शिकवतात:
सोसणं वेगळं, थोपवणं वेगळं.
सोसणारी मेंढी धडधाकट दिसते,
आणि चरता चरता
माळभर अंडी पेरत जाते.
थोपवणारी जंताला जेवूच देत नाही.
मी मागे उभी, काचा पुसत.
सोसणाऱ्या बायांचं कौतुक ऐकत वाढले मी.
त्यानं सगळ्यांचंच कुरण नासतं
हे कुणी बोललं नव्हतं.

हे थोपवणं रक्तातून किती येतं, विचारलं एकदा.
"रुपयात चार आणे," साहेब म्हणाले.
बाकीचे बारा चाऱ्याचे, वयाचे, ओल्या माळाचे.
चार आणे आता बाजारात चालतही नाहीत.
त्यांच्यावर कळप उभा करायचा,
चार पिढ्या, चौदा वर्षं.
माझी निवृत्ती त्याच्या आधी.

भाद्रपदातला एक सोमवार.
वाड्यात बारा मेंढे, एकाच ट्रकचे, एकाच माळाचे.
पाठीवर रंगाचे ठिपके देऊन लेंड्या आणल्या.
दुसऱ्या दिवशी भिंगाखाली अकरा जणांचे हजार, दोन हजार,
एकाचे तर मोजता मोजता बोट दुखलं.
निळ्या ठिपक्याचं शून्य.
पुन्हा कुस्करलं. शून्य.
मीठ बदललं. शून्य.
फोन लावला.
"तो? सकाळीच गेला," गफूर म्हणाला.
"डबा ठेवलाय पण."

उघडलं तर धुतल्या ओट्यासारखं.
दोनच जंत, खुरटलेले,
चुकीच्या घरी आलेल्या पाहुण्यांसारखे कडेला.
चार आणे होते त्याच्यात.
किलोच्या भावाने गेले,
कुर्ल्यात, गोवंडीत, कुणाच्या तरी रश्श्यात.
चव वेगळी लागली नसणार.

गफूरच्या वहीत नंबर सापडला:
म्हाळाप्पा हाके, जतच्या अंगाचा.
मुंबईहून कुणी मेंढ्याची चौकशी करतंय
हे त्याला पटेना.
"पैसं माघारी मागताय व्हय?"
नाही, म्हटलं. त्याची आई कोण?
बराच वेळ नुसता वारा आणि घंटा.
"हाय की. बांडी. दात पडल्यात, कोन घेतंय तिला."
जंताचं औषध?
"तिला कवा लागलंच न्हाई. म्हनून ध्यानातबी न्हाई ऱ्हात."
पापणी उलटून बघा तिची, आत्ता.
फोन मातीत ठेवल्याचा आवाज.
मग धाप, मग तो:
"लाल हाय बाई. कुकवावानी."
विकू नका तिला.
"इकतोय कोन," म्हणाला, आणि हसला.

काल परळ डेपोत एसटीने खोका आला,
पेढ्यांचा, सुतळीने आवळलेला.
कंडक्टरने नाक मुरडलं. "काय आहे हो यात?"
बियाणं, म्हटलं.

आता संध्याकाळ. साहेब गेले, पंखा बंद.
पाच मिनिटं झाली.
पहिली रेघ. काही नाही.
दुसरी.
तिसरीत काहीतरी गोल.
श्वास धरून भिंग फिरवलं:
हवेचा बुडबुडा.
चौथी.