हजेरीपट

देश आणि मी एका वयाचे.
मराठवाडा तेरा महिन्यांनी धाकटा.
विशीत मला पैठणला, धरणावर,
हजेरी लिहायचं काम लागलं.

पालमूरकडून माणसं आली होती,
गाढवं, चुली, अंगावरची लेकरं घेऊन.
बोली कळेना. नावं मी
कानाला झेपतील तशी लिहिली.
येल्लय्याचा एल्या झाला,
पेंटम्माची पेंटाबाई.
कुणी हरकत घेतली नाही.
अंगठा उठवला, शाई लुगड्याला पुसली
आणि गेली मातीकडे.

पेंटम्मा बांध चढताना मधेच थांबायची.
“सारू, नीळ्ळु?”
मी माठाकडे बोट करायचो.
तेलुगू मला येतं ते एवढंच.

धरण भरलं तेव्हा ती तिथं नव्हती.
दुसऱ्या कुठल्या नदीवर गेली म्हणे सगळी.
आठवड्याची मजुरी चुकती, असं कागद सांगतो.
त्यावर सही माझीच आहे.

आता संभाजीनगरात आमच्या गल्लीला
आठव्या दिवशी पाणी येतं.
शेजारी महापालिकेला शिव्या घालतात,
मीही घालतो.
पण नळ खरखरतो, पहिली धार येते,
तेव्हा तोंडातून निघून जातं: नीळ्ळु.
नात हसते. म्हणते, आजोबा, हे काय?
मी सांगायला लागतो, तोवर
हंडा भरून वाहतो.

काल गॅसच्या पावतीमागे
जपून लिहिलं, पें-ट-म्मा.
बरोबर लिहिलं का,
हे विचारायला कुणी नाही.