सतरावं नाव

राजेवाडीच्या तलावाचा पाट दिघंचीत उतरतो
तिथं चौदा नंबरच्या दारावर मी पाटकरी.
वहीत बत्तीस नावं. कुणाला सोमवारी रात्री दोन ते चार,
कुणाला पहाटेची, हाडं गारठवणारी वेळ.
पेन्सिलीनं लिहितो. खोडावं लागतं.

अधिक म्हणाला, आमच्याकडंही असंच आहे, तात्या.
जहाजाच्या डोक्यावर एकच पांढरी घुमटी,
आभाळातून करंगळीएवढी धार येते
आणि खाली बावीस माणसं.
मेसच्या दारावर कागद लावलाय,
माझं नाव सतरावं. रविवार, वीस मिनिटं.

मी विचारलं, चोरी होते का?
हसला. एकानं पासवर्ड पळवला होता,
रात्रभर पिक्चर उतरवत बसला,
सगळ्यांची धार आटली. मग त्याचं नाव तळाला.
म्हटलं, बरोबर. मीही तेच केलं असतं.

गावात रेंज फक्त पंपघराच्या स्लॅबवर.
हौसा शिडी चढते, पदराखाली डबा,
जसा काही तो तिथून हात घालून जेवणार आहे.
चेहरा तुकड्यांनी येतो,
आधी कपाळ, मग आवाज, ओठ सगळ्यात शेवटी.

मागल्या रविवारी कुणीच आलं नाही.
नऊ झाले. साडेनऊ.
मग एकच ओळ उजळली:
पाळी रोडेलला दिली. आमचा स्वयंपाकी.
त्याच्या बायकोला तिकडं कळा सुटल्यात.

वीस मिनिटं मिळतात, हौसा म्हणाली,
तीही वाटली? कुणाचं पोर हे?
मी गप्प.
बाबालाल मुलाण्याची डाळिंबं सुकत होती त्या साली,
मी वहीतलं माझंच नाव खोडलं होतं.
आमचा मका उभ्यानं वाळला.
अधिक सहा वर्षांचा, बांधावर बॅटरी धरून उभा,
विचारत होता, पाणी तिकडं का चाललंय?
काय सांगितलं होतं मी?
हौसा मात्र चार दिवस बोलली नव्हती.

या रविवारी कपाळ आलं, आवाज आला.
जेवलास का, हे तिनं विचारलंच नाही.
म्हणाली, मुलगा का मुलगी?
तेवढ्यात चित्र थिजलं,
त्याचं तोंड उघडं, उत्तर अर्ध्यात.

आम्ही बसून राहिलो स्लॅबवर.
दोनला मला दार फिरवायचं होतं.