रकाना

तिसऱ्यांदा भरतेय मी अर्ज, अ‍ॅल्विन टॉर्गर्सन यांचा.
खिडकीबाहेर त्यांचा ट्रक, इंजिन चालूच.
डकोटाच्या थंडीत बंद केला
तर पुन्हा धरत नाही, म्हणतात.

मूळ फाइल सेंट लुईसच्या आगीत गेली.
हाती आला एकच कागद, कडा करपलेल्या.
आडनावात एक अक्षर कमी.
हुद्दा : आचारी.
जखमा : काही नाही.

साक्षीदार?
"डेलबर्ट होता. मार्चमध्ये माती दिली त्याला."
मग पाकिटातून एक्स-रे काढून
काचेवर धरतात :
खुब्याच्या हाडाशी तांदळाएवढा पांढरा कण,
कोरियातला,
इतक्या हिवाळ्यांत न विरघळलेला.

मी लिहिते : जखमी. चकमकीत.
टेकडीला नाव नव्हतं, नंबर लिहिते.
पदकाच्या चौकटीत खूण करते
आणि 'आचारी' खोडायला पेन टेकवते,
तोच त्यांचा थरथरता हात माझ्या मनगटावर.

"ते राहू दे, पोरी.
त्या सकाळी बटाटे मीच सोलले होते,
एकवीस जणांचे.
रात्री ताट घेऊन आठच आले.

उरलेल्या बटाट्यांसाठी
बघ, आहे का कुठे रकाना."