दगडी

काळ्या पेल्यात पहिली धार घेतली
तर तळाशी फुटकं दही.
डॉक्टर बोपचे म्हणाले, दगडी.
गिट्टीखदानात राहतो आम्ही,
दगडाला इथे काय तोटा,
पण हा मोगरीच्या कासेत, मागच्या डाव्या सडाच्या वर,
तापलेला.
ती लाथ मारत नव्हती
त्याचंच भेव वाटलं.

पाच ट्यूब. आधी पिळून रिकामं कर,
स्पिरिटचा बोळा, मग औषध वर चढव.
आणि आठ दिवस दूध कोणाच्या घरी नाही,
चांगल्या तीन सडांचंही नाही.

तिसऱ्या दिवशी सूज उतरली.
सुकलाल म्हणाला, झालं ना बरं,
दोन ट्यूब ठेवून दे, दुसरीले कामी येतील.
अन् तीन सडांचं दूध मिसळलं
तर कोनाले कळते?

मला कळते.
चौथी घातली.
पाचवी, तो पेंड आणायला गेल्यावर.
दूध नालीत ओतलं, फेस
फ्रेंड्स कॉलनीच्या वळणापर्यंत पांढरा.
मांजर धावली त्याच्यामागे,
तिलाही हाकललं.

शेलोकार बाईंनी विचारलं, आटली का गं?
नाही, औषध चालू आहे.
त्यांनी पातेलं उपडं ठेवलं,
काही बोलल्या नाहीत.

नवव्या दिवशी काळा पेला स्वच्छ.
पाच घरं पाकिटावर गेली होती, तीन परत आली.
कासेवर अंगठा दाबला,
रुतला, लोण्यात रुततो तसा,
अन् मोगरीनं अशी लाथ हाणली
की पेला थेट गव्हाणीत.