उसना

कोपरखैरणे, सेक्टर सात. सकाळचे साडेनऊ.
जेवायच्या टेबलावर शाळा भरली आहे:
एक विद्यार्थिनी, एक मास्तरीण,
पोह्यांची अर्धी बशी,
आणि खालून सोसायटीच्या पंपाची घरघर.

बावन्न वजा सत्तावीस.
दोनातून सात जात नाहीत, मी म्हणते,
मग काय करायचं?
तबिथा पेन्सिल चावते.
शेजारी जायचं, म्हणते.
बरोबर. दशकाच्या घरातून एक उसना आणायचा.
तिथून निघताना तो एक असतो,
आपल्या उंबऱ्यात पाय टाकला की दहा होतो.

हे मला बाबांनी शिकवलं होतं,
राहुरीला, मिशनच्या कंपाउंडात, फुटक्या पाटीवर.
तेव्हा मी त्यावर थांबले नव्हते.
ही थांबते.

"आई, उसना परत कधी करायचा?"
वजाबाकीत परत करत नाहीत.
"कधीच?"
कधीच.
"मग पाचाला राग नाही येत?
तो बघ, चारच उरला."

पाचाच्या अंगावर तिरकी रेघ,
डोक्यावर बारीकसा चार.
शाळेत असती तर बाईंनी
एव्हाना पुढचं गणित घातलं असतं.
माझ्याकडे पुढचं गणित नाही.
कुकर आहे, तोही शिट्टी द्यायला तयार नाही.

भिंतीपलीकडे मढवी काकू राहतात.
महाप्याची कंपनी बंद पडली आणि योना घरी बसला,
त्या जूनमध्ये त्यांनी तांदळाच्या डब्यातून
बारा हजार काढून दिले होते.
नोटांना तांदळाची पिठी लागलेली.
तीन फिटले. उरलेल्यांचा विषय काढला
तर म्हणाल्या, "राहू दे गो. कोलंबी खाशील?"
तेव्हापासून मी लिफ्ट टाळते.
देणारीने विसरायचं
आणि घेणारीने चार मजले चढायचे,
असा आमचा व्यवहार.

आणि माझ्या किराण्याच्या वहीत,
शेवटच्या पानावर, दूध आणि इस्त्रीच्या खाली:
योएल भावजी, बावीसशे, फेब्रुवारी.
खाली दोन रेघा.
नाताळला तो केक घेऊन आला,
तेव्हा हसत हसत, सुरी हातात धरून,
मी केकची किंमत
बावीसशेतून वजा केली होती.

तबिथाने उत्तर लिहिलं, पंचवीस.
मग त्या बारक्या चाराला
दोन डोळे काढले, एक हसरं तोंड.
"राग नाही आलाय त्याला," म्हणाली.
मी बरोबरची खूण केली.
कशाला केली ते मलाही नीट माहीत नाही.

रात्री प्रार्थनेत ती ओळ आली, ऋणांची.
लहानपणापासून जिभेवर गुळगुळीत झालेली,
आज घशात आडवी झाली.
योना पुढे गेला. तबिथा एक डोळा उघडून
माझ्याकडे बघत होती,
आणि माझ्या वाटणीची ओळही
तिनेच मोठ्याने म्हणून टाकली.

सगळे झोपल्यावर वही काढली.
बावीसशे शाईने लिहिले होते.
खोडरबराने नुसता कागद विरला,
आकडा तसाच.
मग पोरीसारखी एक तिरकी रेघ मारली.
वर काय लिहायचं ते सुचेना.
जागा मोकळीच ठेवली.

माझा प्रभू वधस्तंभावरचा आहे, मला ठाऊक आहे.
पण आज तो एककाच्या घरात आला होता,
दहा होऊन,
आणि मी त्याला विचारत होते
पावती कुठे.

सकाळी दुधाला जायचं होतं.
जिन्यापर्यंत गेले, परत फिरले,
लिफ्टचं बटण दाबलं.
दार उघडायच्या आधीच मागून चपला वाजल्या.
मढवी काकू, हातात मासळीची रिकामी पिशवी.
"आज जिना नाय?"
नाही, म्हटलं.
त्या आत सरकल्या,
आणि मला जागा केली.