एका हातानं वाचायची पुस्तकं

आवेइरोत, जिथून मिठागरं दिसतात अशा खोलीत
सहा नंबरच्या खुर्चीवर माझे मंगळवार, गुरुवार, शनिवार.
सकाळचे चार तास.
डाव्या हातात दोन सुया. तो हलवायचा नाही,
हलवला की यंत्र बोंब ठोकतं
आणि तेल्मु येतो, कपाळाला आठ्या घालून.
वाचायला उरतो एकच हात.

याच खुर्चीवर संध्याकाळी बेल्मीरु बसायचा.
त्याला मी कधी पाहिला नाही.
पाहिलं ते त्याचं अक्षर,
खिडकीतल्या बिस्किटांच्या डब्यात,
जिथे आम्ही एकमेकांसाठी पुस्तक ठेवायचो
नि आत चिठ्ठी.

पहिली चिठ्ठी:
"बाई, कोण आहात ठाऊक नाही, पण हे घ्या.
दोनशे ग्रॅम. मासळीबाजारात काट्यावर तोललंय.
कणा मोडून ठेवलाय, उघडलं की उघडं राहतं.
गोष्ट गाढवाची आहे, पण गाढव फार बोलत नाही."

मी लिहिलं, "गाढव आवडलं. मालक अळणी."
उलट टपाली, "अळणीच पथ्याला बरं."

चाळीस वर्षं मिठागरात फावडं ओढलेला माणूस,
आता चिमूटभर मिठाला महाग.
शिफारशीत मात्र तिखटमीठ सढळ:
"दीपस्तंभवालीचं घ्या. सत्तराव्या पानावर ती शिडी काढून घेते,
मी सुया विसरून उठायला निघालो होतो."
सत्तराव्या पानावर शिडी होती,
कुणीही काढून घेतली नव्हती.
विचारलं तर म्हणाला,
"मग तिनं काढायला हवी होती."

मी पोस्टात एकतीस वर्षं शिक्के मारले,
मला खऱ्याला खरं लागतं.
तरी त्याची चिठ्ठी मी पुस्तकाआधी वाचायची,
कधीकधी पुस्तकाऐवजी.

भांडलोही.
माझा कवितासंग्रह त्यानं दोन दिवसांत परत केला:
"ओळी कडेपर्यंत जातच नाहीत. केवढा कागद वाया!"
त्यावर मी महिनाभर डब्यात ठेवलं
फक्त एक पाककृतींचं पुस्तक,
पानोपान आम्हाला वर्ज्य.
त्यानं समासात लिहिलं, खारवलेल्या कॉडपाशी: अहाहा.

मग एका मंगळवारी डबा रिकामा.
तेल्मुला विचारायचं धाडस गुरुवारपर्यंत झालं नाही.
या खोलीत रिकाम्या वस्तूंविषयी
कुणी विचारत नाही.
"कुइंब्राहून रात्री फोन आला," तेल्मु म्हणाला,
"किडनी मिळाली त्याला."
मला आनंद झाला. खरंच.
घरी जाऊन भांडी जरा जोरात घासली, एवढंच.

चार महिन्यांनी पार्सल. तिकिटं गरजेपेक्षा जास्त.
आत नऊशे बारा पानं, जाड पुठ्ठा, उशीएवढं.
"बाई, हे वाचाच."
पुढे आठ ओळी स्तुती,
वजनाविषयी अवाक्षर नाही.
विसरला.
दोन्ही हात परत मिळाले की माणूस विसरतो,
त्यात त्याचं काही चुकलं नाही.

मी ते मांडीवर घेतलं, पोटावर टेकवलं,
यंत्र दोनदा बोंबललं.
शेवटी रविवारी, ओट्यावर, पावाच्या सुरीनं
त्याचे सहा तुकडे केले,
आयुष्यात दुसऱ्याचा लिफाफासुद्धा न फाडलेल्या मी.
जाड दोऱ्यानं शिवले, वर आकडे घातले.

आता पहिला माझ्याकडे, दुसरा देओलिंदाकडे.
पाचवा आठ नंबरच्या एव्हारिश्तुनं आधीच वाचला,
सांगत सुटलाय, बहीण मरते, बहीण मरते.
आम्ही अजून तिच्या लग्नात आहोत.
तिसरा सापडत नाही.

आज चिठ्ठी लिहायला घेतली:
"बेल्मीरु, पुस्तक पोचलं. जड आहे.
तिसऱ्या भागात काय होतं ते कळवा,
आठवेल तसं.
मीठ जास्त पडलं तरी चालेल."