भिंतीची जाडी

टेपचं एक टोक इनासने धरलं, दुसरं मी.
फाटकापासून पश्चिमेच्या भिंतीपर्यंत
एकशे बारा मीटर, वर चाळीस सेंटिमीटर.
त्या चाळीसवर माझा विश्वास नाही.
इनास टेप ताणत नाही.
म्हणतो, खाली माणसं आहेत साहेब,
जरा सैल असू द्या.

रस्ता रुंद व्हायचाय.
क्वार्टर गेटकडून येणारी बस इथे वळताना अंग चोरते,
म्हणून भिंत साडेतीन मीटर आत घ्यायची.
माझ्याकडे नकाशा, नमुना, आणि शेऱ्याचा रकाना.

सगळ्यात जुनं थडगं कोपऱ्यात.
मी फसलोच. तुळशीवृंदावन समजलो.
काळा पाषाण, चौथऱ्याला कमळाच्या पाकळ्या,
चारी कोनांवर केळफुलं,
आणि जिथे माती भरून रोप लावायचं
तिथे रोवलेला क्रूस, हातभर, थोडा कललेला.
कुणी गोव्याकडचा गोलंदाज, पेशव्यांच्या तोफखान्यातला,
असं इनासचा बाप सांगायचा. नाव झिजून गेलंय.
बायकोने म्हणे पाथरवट बोलावला,
ज्याने जन्मात थडगं घडवलं नव्हतं.
ती हातवारे करून दाखवत राहिली: एक उभं, एक आडवं.
बाकी त्याला जे येत होतं ते त्याने केलं
आणि तिने मोडता घातला नाही.

पुढे छावणीच्या काळातल्या रांगा.
टोकदार कमानी, संगमरवर, शिसं ओतलेली अक्षरं.
शिसं कुणीतरी उकरून नेलंय,
त्यामुळे लॅटिन बोळकं झालंय.
मग आरोक्यस्वामी, बँडवाला, शेजारी त्याची तीन मुलं
एकाच वर्षातली, प्लेगच्या.
मग नगरकडून दुष्काळात आलेल्यांचे सिमेंटचे क्रूस,
ओल्यावरच खिळ्याने लिहिलेलं:
सगुणा फिलिप पाटोळे. प्रभूत निजलि.
वेलांटी मी मनात दीर्घ केली.
दोन पावलं पुढे जाऊन परत होती तशी केली.
अलीकडच्यांना बाथरूमच्या फरशा. पांढऱ्या, पुसायला बऱ्या.

जागा कधीच संपलीय.
सहा वर्षांनी खड्डा उघडतात.
घरचं कुणी आलं, तर हाडं धुऊन
कापडात, कापड पेटीत, पेटी भिंतीतल्या कोनाड्यात.
कुठल्या भिंतीत, मी विचारलं.
इनासने नुसती हनुवटी वर केली.

ती मी सकाळी बाहेरून मोजली होती.
दगड आणि चुना. उंची सात फूट, जाडी दोन.
शेरा: पाडण्यास हरकत नाही.

आतून ती भिंत नव्हतीच.
चौकोनावर चौकोन, टपालाच्या कचेरीतल्या पेट्यांसारखे.
फ्लोरिंडा. पास्कू मास्तर. एक पाटी उलटी बसलेली.
एका कोनाड्यात दोघे भाऊ,
जागा नव्हती म्हणून नव्हे, म्हणतो इनास,
बारा वर्षं बोलत नव्हते, म्हणून आईने एकत्र ठेवले.
एक कोनाडा मोकळा, आत विटेचा तुकडा.
हा माझा, धरून ठेवलाय. फादरना बोलू नका.

बस गेली.
आत काहीतरी सरकलं,
फडताळात डबा सरकतो तसं.

माझ्या नमुन्यात ‘बाधित कुटुंबे’ असा एक रकाना आहे.
तिथे सकाळीच शून्य घातलं होतं.
शेऱ्याचं पुढे पाहू. आधी ते शून्य खोडलं.
भिंतीत किती असतील रे?
मोजले नाहीत कधी, म्हणाला, आणि टेप गुंडाळून खिशात घातली,
बोट लावून सुरुवात केली, दक्षिणेच्या टोकापासून.

दिवे लागले तेव्हा आम्ही एकोणनव्वदवर होतो
आणि ते दोघे भाऊ
एक कुटुंब धरायचे की दोन
यावर अडलो होतो.